पूजेतली जाकिटं

चाफेघोळच्या चिमणाबाईइतकी भित्री बाई साऱ्या भुदरगड तालुक्यात नसेल, आणि तलावावर फिरायला येणाऱ्या माणसांना जाकीट घालायचं काम नेमकं तिच्याच पदरात पडलं होतं. ती पालीला भ्यायची, विजेला भ्यायची. गारगोटीला जाणाऱ्या एसटीत बसली की वळणावळणाला समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरायची आणि शेजारणीला म्हणायची, "डायवर झोपलाय का बघा की वो." गाव तिला हसायचं. पण या सगळ्या बारक्यासारक्या भीत्या म्हणजे चिल्लर होती. तिची खरी भीती एकच, पाण्याची.

तिचं माहेर शाहूवाडीकडं, भातशेतीच्या मुलखात. तिथं पाणी म्हणजे पोटरीएवढं. त्यात उभं राहून भाताचा तरू लावायचा, गाणी म्हणायची आणि संध्याकाळी पाय धुऊन घरी जायचं. पाण्याला खोली असते हे तिला चाफेघोळला नांदायला आल्यावर कळलं. धरणाची भिंत पुरी झाली तो ब्याण्णवचा पावसाळा. गाव वरच्या माळावर गेलं, पण तिची सासू बायडाबाई काही घर सोडेना. "माझ्या उंबऱ्याला पाणी शिवू दे, मग उठतो," म्हणाली. सुनेला सासूपाशी थांबावं लागलं. पाणी गाजावाजा न करता आलं. अंगण गेलं, उंबरा गेला, मग ते चुलीपर्यंत आलं आणि सकाळचा निखारा चर्रकन विझला. चिमणाबाईनं तो आवाज ऐकला. सासूला पाठुंगळी घेऊन ती वर आली, पण त्या आवाजानं तिची पाठ काही सोडली नाही. पुढं कितीतरी वर्षं भाकरी करताना ती मध्येच थांबायची आणि चुलीच्या तोंडाशी हात फिरवून जमीन कोरडी आहे ना बघायची.

गावाबरोबर गावचा महादेवही बुडाला. त्याला हलवायचं नाही असं गुरवानं सांगितलं होतं. त्यामुळं आठ महिने देव पाण्याखाली आणि उन्हाळ्याचे चार महिने वर. चैत्रात देऊळ उघडं पडलं की लोक घमेली घेऊन जायचे, गाभाऱ्यातला चिखल उपसायचे, पिंडी धुऊन दिवा लावायचे. एरवीच्या दर्शनासाठी तलावाच्या मध्ये उरलेल्या टेकडीवर छोटं देऊळ बांधलं होतं. तिथं जायला होडी लागायची, आणि ती होडी चिमणाबाईचा नवरा ज्ञानू चालवायचा.

ज्ञानूची सगळी जमीन तलावाखाली गेलेली. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. यानं नांगर सोडून वल्हं धरलं. पुढं शहरातली माणसं हवा खायला येऊ लागली, तेव्हा गावच्या सोसायटीनं फायबरच्या वल्ह्याच्या बोटी आणल्या, बदकाच्या आकाराच्या दोन पायडल बोटी आणल्या, आणि नारिंगी जाकिटांचा ढीग आणला. बोटी ज्ञानूकडं आल्या. जाकिटांना वाली नव्हता, ती चिमणाबाईनं घेतली.

घेतली म्हणजे कशी? लेकरं घ्यावीत तशी. उन्हात वाळवायची, उसवलेली शिवायची, प्रत्येकाच्या खांद्याला लावलेली शिट्टी रोज फुंकून बघायची. शेडमध्ये खुंट्या ठोकून तिनं ती ओळीनं टांगली होती. आणि तिचा एक कायदा होता, तो कलेक्टर आला तरी बदलायचा नाही. आधी जाकीट, मग बोट. बंद ती स्वतः बांधायची, पोटावर, छातीवर, गळ्याशी. कोल्हापूरची कॉलेजची पोरं हुज्जत घालायची. "मावशी, आम्ही रंकाळ्यात पवायला शिकलोय!"

"पवा की मग. जाकीट घालून पवा."

फक्त एक माणूस तिचा कायदा मानायचा नाही, तो म्हणजे तिचा नवरा. "मला कशाला जाकीट? ह्या पाण्याखाली मी नांगर धरलाय," म्हणायचा आणि उघड्या अंगानं होडीत उडी मारायचा. मग तो परत काठाला लागेपर्यंत चिमणाबाई खाली बसायची नाही. दिवसातून कितीदा तो जायचा आणि कितीदा ती अशी उभी राहायची. पाय सुजायचे. स्वतः मात्र ती इतक्या वर्षांत एकदाही बोटीत बसली नव्हती.

आता या भित्र्या बाईच्या हातून चूक कशी झाली ते ऐका. भीती एक असती तर झाली नसती. पण माणसाच्या पोटात दोन भीत्या असल्या की त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं-अवजारं पूजेला बसवतात. शेतकऱ्याचा नांगर-कोयता, सुताराची करवत, ड्रायव्हरची गाडी. हळदकुंकू लावायचं, झेंडू घालायचा, आणि दसरा उजाडेपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. एका नवमीला चिमणाबाईच्या सासऱ्यानं पूजेतला कोयता उचलून ऊस तोडला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याचा बैल पाय मोडून पडला होता. बायडाबाईनं ही गोष्ट सुनेला इतक्यांदा सांगितली होती की तो बैल चिमणाबाईला स्वप्नात लंगडताना दिसायचा.

तलावावरही नवमीला पूजा व्हायची आणि त्या दिवशी बोटी बंद असायच्या. चिमणाबाईनं पहिल्याच वर्षी वल्ह्यांशेजारी जाकिटंही मांडली. ज्ञानू हसला. "अगं, जाकीट काय हत्यार हाय व्हय?"

"माझं हत्यार हाय," ती म्हणाली.

दोन हजार चारच्या नवमीला पूजा आटोपून, नारळ फोडून, निवद दाखवून दोघं शेडमध्ये बसली होती. दोन्ही बदकांच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या. जाकिटं एकावर एक रचून चिमणाबाईनं लाल दोऱ्यानं बांधली होती. माळावरच्या गावात पुरणाचा वास सुटला होता आणि काठावर चिटपाखरू नव्हतं.

तेवढ्यात वडापची, भाड्यानं माणसं नेणारी, एक जीप आली. एक म्हातारा, एक म्हातारी आणि त्यांची पाच-सहा वर्षांची नात उतरली, आणि जीपवाला जेवायला गावात निघून गेला. म्हातारा गडहिंग्लजच्या पलीकडचा, भुसार मालाचा व्यापारी, बसलिंगाप्पा. कपाळाला भस्म, अंगात पांढराशुभ्र सदरा. चार पावलं चालला की छातीवर हात ठेवून थांबत होता. त्याची बायको शांतव्वा त्याचा दंड धरून होती.

"महादेवाला जायचं हाय," तो म्हणाला. "ही दानेश्वरी त्याच्याच नवसाची. दसरा झाला की मिरजेला माझं हृदयाचं ऑपरेशन हाय. टेबलावर जायच्या आधी एकदा त्याला बघतो."

"पावणं, आज बोटी बंद असत्यात," ज्ञानू म्हणाला. "अवजारं पूजेत बसल्यात."

म्हाताऱ्यानं शेडकडं पाहिलं, बदकांच्या माळा पाहिल्या आणि मान डोलावली. दुकानातल्या तराजूची पूजा करून आलेला माणूस तो, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. तो काठावरच्या दगडावर टेकला आणि तिथूनच टेकडीला हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुसतही नव्हता.

ज्ञानू विरघळला. तो होताच तसा. "थांबा," म्हणाला. "जुनी होडी हाय की. ती पूजेत न्हाय."

जुनी लाकडी होडी जांभळीखाली उपडी पडलेली होती, फायबरच्या बोटी आल्यापासून. तिची वल्हीही झाडाच्या बेचक्यात तशीच पडून. चिमणाबाई आडवी आली. "अवं, ती वाळून खडखडीत झालीया. फळ्या फाकल्या असतील."

"पाण्यात पडली की फुगत्यात. आन् जायचं किती? त्यो काय देव समोर."

"मग मी न्हाय जाऊ दिणार. जाकिटं न्हाईत."

"हाईत की ती! काढ."

चिमणाबाईनं त्या लाल दोऱ्याकडं पाहिलं. कुंकू अजून ओलं होतं. पूजेतली वस्तू, नवमीचा दिवस, तो लंगडणारा बैल. आणि आता घरात बैल नव्हता. होता तो एक नवरा.

"पूजेला बसल्यात ती," ती म्हणाली.  "उद्याशिवाय हात लावायचा न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे. देवाच्या दारी चाललोय, देव बघंल."

शांतव्वा तिच्याजवळ आली. "अक्का, भिऊ नको," म्हणाली. "अर्ध्या तासात येतो आम्ही." म्हणजे बघा, पाण्यात जाणारी काठावरच्या बाईला धीर देत होती. होडी पाण्यात गेली. चिमणाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा माणसांना जाकिटाशिवाय जाऊ दिलं, आणि तेही जाकिटं हातभर अंतरावर असताना.

जाताना काही झालं नाही. टेकडीवरच्या घंटेचा आवाज आला, तेव्हा तिला जरा हायसं वाटलं. पण घंटेचा आवाज विरतो न विरतो तोच पश्चिमेचा डोंगर दिसेनासा झाला. परतीचा पाऊस दसऱ्याच्या सुमारास असाच येतो, दुपारी ऊन पडलेलं असतं आणि घटकाभरात दिवस मावळल्यासारखं होतं. वारा सुटला, पावसाच्या सरी आल्या. तलावाचं निळं पाणी काळं पडलं आणि त्यावर पांढरे शेंडे उठले.

होडी टेकडीपासून निघालेली होती. चिमणाबाई काठावर उभी राहून बघत होती आणि तोंडानं "फिरा, मागं फिरा" पुटपुटत होती. होडी मध्यावर आली आणि वल्ही थांबली.

ज्ञानूची वल्ही मध्ये कधी थांबत नसत. तिनं डोळे ताणले. ज्ञानू वाकून काहीतरी उपसत होता, पुन्हा पुन्हा, झपाझप. होडी पाण्यात फार खाली बसलेली दिसत होती. शांतव्वानं पोरीला खांद्यावर घेतलं होतं. निवदाच्या डब्यानं पाणी उपसणं चाललं होतं, पण फळ्यांतून येणारं पाणी कुठं डब्याला आटपतंय?

ती ओरडली. गाव मैलभर वर, वाऱ्यानं तिचा आवाज तोंडातच कोंबला. दुसरं माणूस नाही. तिचे पाय जमिनीला चिकटले, आणि कानात तोच आवाज आला, निखारा विझल्याचा, चर्रकन.

मग ती शेडमध्ये धावली. पूजेपुढं पोचल्यावर एक क्षण थांबली खरी. तिनं हात जोडले की नाही हे तिला नंतर आठवेना. रचलेल्या जाकिटांना तिनं मिठी मारली, समई कलंडली, फोडलेला नारळ पायाखाली आला. काठाला बांधलेल्या बदकाचा दोर तिनं सोडला. आणि तिथं, वारा बोट हिसकत असताना, नवरा समोर बुडत असताना, तिनं गठ्ठ्यातलं वरचं जाकीट ओढून आधी स्वतःला घातलं.  पोटावर, छातीवर, गळ्याशी, तिन्ही बंद बांधले. कायदा म्हणजे कायदा. मग डोळे मिटून तिनं पाय बोटीत टाकला.

बोट हलली. ती ओकली, तोंड पुसलं आणि पायडल मारू लागली. शेकडो लोकांना तिनं काठावरून सांगितलं होतं, दांडी डावीकडं ढकलली की बोट डावीकडं, घाबरू नका, पाय थांबवू नका. आता तेच ती मोठ्यानं स्वतःला सांगत होती. "पाय थांबवू नको गं. घाबरू नको." लाटा बदकाच्या मानेवर आपटत होत्या, झेंडूची माळ केव्हाच तुटली होती. खाली कुठंतरी आपलं घर आहे, त्या घरात चूल आहे, हा विचार आला तेव्हा ती लहान पोरीसारखी रडायला लागली. पण पाय थांबले नाहीत. शिट्टी तोंडात धरून ती श्वासागणिक फुंकत राहिली, म्हणजे ज्ञानूला कळावं.

ज्ञानूला कळलं. त्यानं मान वर केली आणि भूत बघावं तसा बघत राहिला.

ती पोचली तेव्हा होडीचे काठ पाण्याला टेकले होते. म्हातारा कमरेपर्यंत पाण्यात बसून एकसारखं "ओम नमः शिवाय" म्हणत होता. चिमणाबाईनं जाकिटं उचलली आणि तिला दिसलं, उरलेली सगळी अजून एकमेकांना बांधलेली होती. लाल दोऱ्याच्या तिनंच मारलेल्या गाठी पावसानं आवळल्या होत्या. नखं लागेनात. तिनं दोरा दातांत धरला आणि कुंकवासकट कुरतडला. पहिलं जाकीट पोरीला, मग शांतव्वाला, मग म्हाताऱ्याला. आणि मग एक तिनं नवऱ्याच्या छातीवर आपटलं.

"घाला."

 त्यानं हात घातले, पण बंद त्याला बांधता येईनात. वल्हं धरून घट्टे पडलेले त्याचे हात लटलटा कापत होते. बोटीतून वाकून तिनंच ते बांधले. दोन्ही म्हातारी कशीबशी बदकाच्या बाजूला धरून लोंबकळली, पोरीला तिनं आत ओढलं, आणि जुनी होडी त्यांच्या पायांखालून निघून गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

पुढं बोट वाऱ्यानंच नेली. ज्ञानू पाण्यात मागून ढकलत होता, ती पायडल मारत होती, दानेश्वरी शिट्टी फुंकत होती. शेवटी बदक बाभळींच्या उथळात जाऊन रुतलं. सगळे चिखलात बसले. सगळ्यांचे चेहरे हळदीकुंकवानं माखलेले होते.

ज्ञानू बराच वेळ नुसता दात वाजवत होता. मग म्हणाला, "मला कधी भ्या वाटलं न्हाय बघ. माझ्या वाटणीचं तूच भ्यायचीस. आज तू पाण्यात उतरलीस आन् माझं मला भ्यावं लागलं."

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण चिमणाबाईची भीती इथं संपली नाही, इथून ती देवाकडं वळली. पूजा मोडली, समई पाडली, दोरा दातांनी तोडला. याची किंमत कोण देणार? ज्ञानू खोकला की ती दचकून उठायची. दारात कुणी अनोळखी आला की वाटायचं, वाईट निरोप घेऊन आला. जाकिटांना हात लावतानाही ती आधी कानाला हात लावायची. कुणाला सांगायची सोय नव्हती, लोक हसले असते.

श्रावणातल्या सोमवारी शांतव्वा नातीला घेऊन पुन्हा आली. कपाळाला भस्म होतं, पण गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. चिमणाबाईनं तो मोकळा गळा बघितला.

"ऑपरेशन झाल्यावर आठवडा काढला," शांतव्वा म्हणाली. "मग गेले."

चिमणाबाईनं तिचे पाय धरले. "माझ्यामुळं झालं. मी पूजा मोडली. नवमीला पूजेतलं उचललं मी."

शांतव्वाला आधी काही उमजेचना. उमजलं तेव्हा तिनं चिमणाबाईला दंडाला धरून उठवलं, चांगलं खसकन. "येडी हाईस काय? त्यांचं काळीज तीन वर्षं खराब हुतं. गादीवर गेले, पोरीचा हात हातात घेऊन गेले. तू आली नसतीस तर आम्हा तिघांची मातीसुद्धा घरच्यांना मिळाली नसती."

 चिमणाबाईला पटलं का? अर्धं पटलं. अर्धं रात्रीसाठी राहिलं. तेवढ्यात दानेश्वरी शेडमध्ये जाऊन खुंटीखाली उभी राहिली आणि हात वर करून म्हणाली, "माझं जाकीट दे की गं मावशी. आधी जाकीट, मग बोट." चिमणाबाईनं तिचे बंद बांधले. गळ्याशी पोचताना डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं.

मग पुन्हा नवमी आली. बोटी बंद, वल्ही धुतलेली, बदकांना नव्या माळा. ज्ञानूनं खुंटीवरची जाकिटं काढायला हात घातला, तशी चिमणाबाई पुढं झाली आणि त्याचा हात खाली केला.

"ती ऱ्हाऊ द्यात टांगलेली."

"पूजा न्हाय करायची?"

तिनं ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि एकेक जाकीट बाजूला सारत मागच्या खुंट्यांना टिळे लावू लागली.  ज्ञानूनं विचारलं, "देवाचं भ्या न्हाय वाटत आता?"

"वाटतं की. लई वाटतं." ती पुढच्या खुंटीकडं सरकली. "पर देव आठ महिनं पाण्याखाली ऱ्हातोय. त्याला काय हुत न्हाय. माणसाला हुतंय."

 ज्ञानू दुसऱ्या टोकाला गेला आणि शेवटच्या खुंटीवरचं जाकीट बाजूला धरून तिची वाट बघत उभा राहिला. ते जाकीट त्याचं स्वतःचं होतं.